मिनिटाला तीस शब्द

संगणक कक्ष माझ्याकडे आला तो मला संगणकातलं फार कळतं म्हणून नव्हे. त्या वर्षीच्या शिक्षकसभेला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकीच्यांनी स्काऊट, हरितसेना, सहल, पोषण आहार हे सगळं आपापसांत वाटून घेतलं होतं. उरलं ते माझ्या गळ्यात पडलं. मी मराठीची शिक्षिका. लग्नाआधी वर्ध्याला टंकलेखनाची परीक्षा दिली होती, एवढीच काय ती पात्रता. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं नालवाडीहून निघायचं, पवनारच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत यायचं, कक्षाचं दार उघडायचं, धूळ झटकायची आणि दार लावायचं, असं चाललं आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या चिडचिडीचं कुणाला नवल वाटणार नाही.

आमच्या शाळेत लिपिक एकच. शांत माणूस होता, दाखल्यावर सुरेख अक्षर काढायचा. तो आजारी पडला, महिनाभर दवाखान्यात राहिला आणि गेला. संस्थेने त्याच्या बायकोला अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी घेतलं. ती पवनारची. सासर भाजीपाल्याचं, धाम नदीच्या काठाला वावर, तिथं वांगी, भेंडी, मेथी. बारावी झालेली, तीही आमच्याच शाळेतून. आठवीत माझ्या वर्गात होती. पहिल्या दिवशी ती नवऱ्याच्या टेबलापाशी उभी होती, बसत नव्हती. मीच म्हटलं, "बस गं आता, किती वेळ उभी राहशील."

तिच्या नियुक्तीच्या आदेशात एक अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द, पास व्हायची. नाही झाली तर सेवा समाप्त. परीक्षा सहा महिन्यांनी एकदा येते, म्हणजे संधी चार. पहिलीचा अर्ज भरायची मुदत ती रुजू व्हायच्या आधीच संपून गेली. दुसरीसाठी तिने वर्ध्याच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. पण शाळा सुटायची पाचला, मग बस, मग क्लास, मग परतीची बस मिळाली तर मिळाली. घरी सासू, सासरे आणि चौथीतली लेक. आठवड्यातून दोनदा जायची, मग एकदा, मग नाहीच. नापास झाली. एक वर्ष गेलं आणि दोन संधी राहिल्या.

तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सर नागपूरकडचे, मनाने चांगले, पण कुठलंही काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्यात तरबेज.

"मॅडम, जरा देखा नं तुमच्यानं काय होते ते. तिची नौकरी गेली तं ते पोरगी कोनाच्या भरोशावर राहीन?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

पहिल्या दिवशी मी तिला संगणकासमोर बसवलं. ती जरा हसली आणि म्हणाली, "मॅडम, हे तं तुमीच शिकवलं होतं आमाले." आणि तिने डोळे मिटून कळांच्या तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या, पाढे म्हणावेत तशा. क्यू, डब्ल्यू, ई, आर. एक अक्षर चुकलं नाही. "कीबोर्डच्या आकृतीले तुमी मले धापैकी धा देल्ले होते."

मी दिले होते. मला आठवलं. तेव्हा वर्गात साठावर मुलं आणि कक्षात तीन संगणक, त्यातला एक कायम बंद. तास आठवड्यातून एक, शनिवारचा, तोही आठवीपासून पुढे. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, कव्हर मी स्वतः काढायचं. वीज असली तर हजेरी क्रमांकाने एकेकाने यायचं आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबून जागेवर जायचं. वीज नसली, आणि बहुतेक नसायचीच, तर वहीत कीबोर्डची आकृती काढायची. परीक्षेत तीच विचारायची. दसऱ्याला मात्र आम्ही संगणकांची पूजा अगदी मनापासून करायचो. एका वर्षी हळदकुंकू कळांच्या फटीत गेलं आणि सहा कळा कायमच्या बसल्या, तरी कुणाला हळहळ वाटली नाही, कारण त्या कळा कुणी वापरतच नव्हतं. वर्षाअखेरीला एकेका मुलाचं बोट त्या यंत्राला किती वेळ लागलं असेल? पाच मिनिटं? पाठीवर शाबासकी मात्र भरपूर दिली मी.

आणि ती पाठ केलेली आकृती आता तिच्या आडवी येत होती. परीक्षेची मराठी जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची. कळेवर छापलंय इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर उमटतं भलतंच मराठी. तिला कळ दिसली की आधी इंग्रजी अक्षर आठवायचं, मग मराठी, मग उजव्या हाताची तर्जनी टोच मारायची. मोबाइलने त्या तर्जनीला अशी सवय लावली होती की बाकीची नऊ बोटं नुसती बघत बसायची.

मी ठरवलं, शनिवारी घ्यायचं. शाळा सकाळची असते, अकराला सुटते, मग सलग दोन तास. आठवड्याचा तास एवढाच मला ठाऊक होता. वीस वर्षं वेळापत्रकात तोच पाहिलेला. पहिल्या शनिवारी बोटं कुठे ठेवायची ते सांगितलं. दुसऱ्या शनिवारी ती विसरून आली. तिसऱ्या शनिवारी सुट्टी होती. चौथ्याला पुन्हा पहिल्यापासून. तिच्या बोटांवर लाल चट्टे असायचे, पेरं सुजलेली. भेंडीच्या झाडाला हात लागला की खाज सुटते, आणि ती पहाटे दोन तास भेंडी तोडून मग शाळेत यायची. दीड तासानंतर तिचे खांदे वर चढायचे, पाठ वाकायची आणि नजर हळूच खाली कळांवर घसरायची.

सातव्या का आठव्या शनिवारी माझा पारा चढला. मी म्हटलं, "काऊन लक्षात नाई राहत तुझ्या? मागच्या शनिवारी दोन तास घसा कोरडा केला मी. नौकरी कोनाची जाऊन राह्यली, माझी का तुझी?"

ती हात मांडीवर घेऊन पेरं चोळत बसली. मग खाली बघतच म्हणाली, "मॅडम, राग नोका येऊ देऊ, एक सांगू? भेंडी आठ रोजानं तोडली तं काय होते?"

"काय होते?"

"निबर होते. दिसाले चांगली हातभर दिसते, पन दाताखाली चावत नाई. बाजारात कोनी हात लावत नाई तिले. एक दिवसाआड तोडा लागते, थोडी थोडी, मंग ते झाडबी देत राहते. तुमी मले आठ रोजानं तोडून राह्यले."

मला राग आला. हे लपवण्यात अर्थ नाही. आठवीत जिला मी दहापैकी दहा दिले ती मलाच माझं काम शिकवत होती. मी पर्स उचलली आणि घरी निघून आले. स्वयंपाक करताना भांडी आपटली. आणि पोळी लाटता लाटता मला आठवलं की मी स्वतः टायपिंग शिकले ते रोज. सकाळी सातची बॅच, अर्धा तास, रविवार सोडून रोज, सहा महिने. एकाही दिवशी दोन तास बसले नाही, आम्हाला बसू देतच नव्हते. टायपिंगचे सर म्हणायचे, बोटं थकली की उठा, थकलेली बोटं चुकाच शिकतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी शिकवायची वेळ आली तेव्हा मी वेळापत्रकातला तास उचलला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. इतकी वर्षं मुलांच्या पुढ्यातही तोच ठेवत आले. चूक माझी होती.

सोमवारी मी तिला सांगितलं, "रोज येजो. प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं. मधल्या सुट्टीत पंधरा. शनिवारी दोन तास बंद."

तिची जाऊ भेंडी तोडायला लागली. तिने मेथीच्या जुड्या बांधायचं काम घेतलं, त्यात हात खाजत नाहीत. ती सव्वादहाला यायची, लेक सोबत असायची, ती आता पाचवीत आमच्याच शाळेत आली होती. लेकीबरोबर त्याच ऑटोतल्या चार पोरी. त्यांना बाहेर उभं ठेवून काय करायचं, म्हणून मी बाजूच्या दोन संगणकांवर बसवलं. कव्हर त्यांनीच काढलं, हात धुतले का ते मी विचारलं नाही. कळांवर मी कागदाच्या कोऱ्या चिकटपट्ट्या लावून टाकल्या होत्या, खाली पाहिलं तरी काही दिसू नये म्हणून.

त्या पोरींनी दोन महिन्यांत मला गप्प केलं. खेळत, एकमेकींना कोपर मारत, भांडत त्या शिकल्या आणि खाली पाहायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या बोटांना अजून कुठलीच खोड लागली नव्हती. आणि त्यांच्या शेजारी तेहतीस वर्षांची ती, दात ओठात रुतवून, एकेका बोटाला त्याच्या जागी परत ओढून आणणारी. ती शिकत होती, पण आधी मोडत होती आणि मग शिकत होती, दुप्पट काम. लेक मध्येच म्हणायची, "आई, खाली नको ना पाहू." ती म्हणायची, "हो वं माय."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, टायपिंग पाचवीपासून घ्या, आणि आठवड्याचा तास काढून टाका, रोज पंधरा मिनिटं द्या. आठवीपर्यंत पोरांची बोटं मोबाइलवर निबर होतात. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कोनत्या विषयातून काढू पंधरा मिनिटं? गनितातून का इंग्रजीतून?"

"माझ्या मराठीतून काढा."

"अन् तपासनीला आले तं तासिका कुठं दाखवू? मॅडम, आठवीपासून आठवड्याले एक तास हाय नं, तोच जरा चांगला घ्या."

मी वाद घातला नाही. पूर्वी घातला असता. वीस वर्षांपूर्वीची मी त्या टेबलावर हात आपटून आले असते. आता मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

तिसऱ्या परीक्षेत वेग जेमतेम विसापर्यंत आला, त्यात चुका, ती नापास झाली. आता एकच उरली. पुढचे सहा महिने आम्ही एक दिवस चुकवला नाही. दिवाळीच्या सुट्टीतही मी शाळेत जायचे, घरच्यांचं बोलणं ऐकून घेत. वर्तमानपत्र तिच्या डाव्या हाताला ठेवायचं, मी घड्याळ धरायचं. बावीस शब्द. पंचवीस. मग बरेच दिवस पंचवीसच. मग एका सकाळी एकोणतीस आणि पुढच्या आठवड्यात बत्तीस, दोन चुका. मी तिला सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला, आणि मीही जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

परीक्षेला मी तिच्यासोबत वर्ध्याला गेले. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली पालकांसारखी बसले. ती बाहेर आली तेव्हाच मी ओळखलं. बोटं चोळत होती, आणि आता तर भेंडीही नव्हती.

"तिथल्या कळाईवर अक्षरं व्हती, मॅडम. पट्ट्या नव्हत्या. तपासनारी बाई बाजूले येऊन उभी राह्यली अन् मी एकडाव खाली पाह्यलं. एकदा पाह्यलं अन् मंग पाहतच राह्यली."

निकाल मोबाइलवर आला. ती नळापाशी बाटली भरत होती, तिने ओल्या हाताने मला पडदा दाखवला. अनुत्तीर्ण. थोडक्यात, पण अनुत्तीर्ण. मला तिच्यावर रागवता आलं नाही. कोऱ्या पट्ट्या लावायची अक्कल माझी होती, त्या काढून सराव करून घ्यायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. मी तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुमी तं रोज आल्या."

महिनाअखेरीला तिची दोन वर्षं पुरी होत होती. त्याआधी शाळेने शिक्षण कार्यालयाला पत्र पाठवायचं होतं, की सदर कर्मचारी विहित मुदतीत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नाहीत, सबब सेवा समाप्तीचा प्रस्ताव सादर. सरांनी मसुदा हाताने लिहिला आणि मला बोलावलं. महत्त्वाची पत्रं मीच टाइप करते.

मी मसुदा वाचला आणि टेबलावर ठेवला. "हे माझ्यानं नाई होनार, सर."

"मॅडम, मी काय खुशीनं करून राह्यलो का?"

"मी तसं नाई म्हटलं. पन मी नाई करनार."

सर उसासा टाकून स्वतःच आपल्या खोलीतल्या संगणकासमोर बसले, ज्याच्या कळांवर पट्ट्या नव्हत्या. एका बोटाने प शोधला. मग र. मग जोडाक्षर कसं करायचं ते त्यांना सापडेना. 'प्रति' हा एक शब्द लिहायला त्यांना इतका वेळ लागला की मी मान वळवली. शाळेत आठवीपासून टायपिंगचा तास दाखवणारे मुख्याध्यापक. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

एवढ्यात ती सहीसाठी हजेरीपट घेऊन आत आली. पडद्याकडे पाहिलं, टेबलावरच्या मसुद्याकडे पाहिलं. वाचला.

"सर, उठा," ती म्हणाली. "मी करतो."

"अवो, राहू द्या तुमी..."

"लिपिकाचं काम हाय नं, सर. या महिन्यापुरती तं मीच हाय लिपिक."

सर उठले. ती बसली, खुर्ची पुढे ओढली, मसुदा डाव्या हाताला ठेवला, पाठ सरळ केली आणि दहाही बोटं कळांवर ठेवली. माझी नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

पानभर पत्र होतं. विषय, चार संदर्भ, आदेशाचे क्रमांक, दिनांक. तिची नजर कागदावरून हलली नाही. बोटं चालत होती, शांतपणे, एका लयीत, खाली त्यांचं काय चाललंय याची तिला जणू खबरच नव्हती. तिचं पूर्ण नाव आलं, मध्ये नवऱ्याचं नाव. तेही तिने त्याच लयीत लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. 'सेवा समाप्त करण्यास मान्यता मिळावी' इथेही थांबली नाही. 'आपला विश्वासू' लिहून तिने हात मांडीवर घेतले. मी पडद्यावर वाकून वाचलं. एक चूक नव्हती. खाली कोपऱ्यात संगणकाने शब्द मोजून ठेवले होते, दोनशे एकावन्न. घड्याळात सात मिनिटं झाली होती. भागाकार मी मनातल्या मनात केला, आणि सरांनीही केला असावा, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, "सर, 'आपला विश्वासू'च्या वर एक ओळ टाकायची आहे."

"कोनती?"

"'प्रस्तुत पत्र सदर कर्मचाऱ्यांनी स्वतः, कळांकडे न पाहता, सात मिनिटांत टंकलिखित केले आहे.'"

"असं सरकारी पत्रात लिवतेत का, मॅडम?"

"खोटं हाय का?"

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि पोरं जिन्यावरून धडधडत वर गेली.

"टाका," ते तिला म्हणाले.

तिने बोटं कळांवर ठेवली. त्या एका ओळीला तिला बाकीच्या सगळ्या पत्राइतका वेळ लागला.